व्हिटॅमिन की रानातल्या लढती : ईव्ही भरण्याच्या दोन वाटा

पोकेमॉन स्कार्लेट किंवा व्हायोलेट या व्हिडिओ गेमची कथा संपवून जो खेळाडू स्पर्धेच्या खेळाकडे वळतो, त्याच्यापुढे एक प्रश्न फार लवकर येऊन उभा राहतो. नेचर, म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, मनासारखे नसेल तर त्याचा परिणाम बदलणारा मिंट मिळतो, आयव्हीतली (जन्मजात गुणांतली) कसर लेव्हल 50 गाठल्यावर मोंटेनेव्हेरा गावात बॉटल कॅप देऊन भरून काढता येते. पण ईव्हीचे, म्हणजे वेग, बचाव अशा एकेका स्टॅटला (क्षमतेला) वाढवणाऱ्या सरावाच्या गुणांचे, एकूण 510 पॉइंट भरायचे कसे, हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते. चॅन्सी सप्लाय या दुकानातून कार्बोस (वेगासाठी), प्रोटीन (हल्ल्यासाठी) वगैरे व्हिटॅमिनांच्या बाटल्या आणून रिचवायच्या, की हातात पॉवर आयटम (लढतीत मिळणारे ईव्ही वाढवणारी वस्तू) देऊन रानातले ठरावीक पोकेमॉन एकामागून एक हरवत बसायचे? मी दोन्ही वाटांनी बरेच चाललो आहे. माझा कल कुठे आहे हे पुढे कळेलच, तरी दोघांची बाजू नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्यासारख्या जुन्या खेळाडूंच्या सवयी तिच्यातूनच आल्या आहेत. 2019 साली सोर्ड आणि शील्ड येईपर्यंत व्हिटॅमिनने एका स्टॅटमध्ये 100च्या पुढे ईव्ही भरता येत नसत. दहा बाटल्या संपल्या की अकरावी पोकेमॉन तोंडाला लावत नसे, आणि उरलेले दीडशे पॉइंट रानात जाऊनच कमवावे लागत. पोकेरसची लागण झालेला पोकेमॉन कोणाकडून मिळाला तर तो आम्ही जिवापाड जपत असू, कारण त्या लागणीने लढतीत मिळणारे ईव्ही दुप्पट होत. आता ती लागणही राहिली नाही आणि ती मर्यादाही राहिली नाही. व्हिटॅमिन थेट 252पर्यंत, म्हणजे एका स्टॅटच्या कमाल मर्यादेपर्यंत नेते. त्यामुळे ज्या लढती पूर्वी नाइलाजाने कराव्या लागत, त्या आता निवडून कराव्या लागतात, आणि म्हणूनच हा प्रश्न खऱ्या अर्थाने प्रश्न झाला आहे.

पैशांचा हिशेब लढतींच्या बाजूने आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. एक बाटली 10,000 पोकेडॉलरची आणि तिच्यात ईव्ही दहा. शून्यापासून 252 गाठायला 26 बाटल्या लागतात, म्हणजे दोन स्टॅट पूर्ण भरायचे तर 52, आणि उरलेले सहा पॉइंट कुठेतरी टाकायचे तर 53वी. एका पोकेमॉनवर 5,30,000 खर्च झाले. सहा जणांचा संघ बांधायचा तर आकडा तीस लाखांच्या वर जातो. उलट पॉवर अँक्लेट, म्हणजे वेगाचे पॉवर आयटम, 10,000ला एकदा घेतले की ते संपत नाही. फ्लेचलिंग हरवल्यावर वेगाचा एक ईव्ही मिळतो, अँक्लेटचे आठ त्यात मिळवले की नऊ. 28 फ्लेचलिंग हरवले की बरोबर 252. दक्षिण प्रांतात, खेळाच्या अगदी सुरुवातीच्या गवतात, फ्लेचलिंग हवे तेवढे सापडतात. स्पेशल डिफेन्ससाठी हॉपिप आणि एचपीसाठी लेचोंक यांचाही तिथे तुटवडा नाही.

शिवाय लढतींची एक मोठी जमेची बाजू अशी, की अनुभवाबरोबर ईव्हीही सगळ्या संघाला वाटले जातात. पुढे लेव्हल 100चा एखादा दांडगा पोकेमॉन उभा करायचा आणि मागे पाच शिकाऊ ठेवायचे. पाचांच्याही हाती अँक्लेट असेल तर मागे नुसते बसून राहिलेल्या प्रत्येकाला नऊ-नऊ मिळतात. 28 लढतींत पाच पोकेमॉनांचा वेगाचा स्टॅट पूर्ण भरून निघतो. तेच बाटल्यांनी करायचे तर तेरा लाख मोजावे लागले असते. या हिशेबावर मी कित्येक महिने खूश होतो.

बाटल्यांसाठी पैसा उभा करणे हेही काही रंजक काम नाही. कथा संपल्यावर अकॅडमी एस टुर्नामेंट खुली होते, आणि बहुतेक जण तिथेच पैसा कमावतात. हाती अम्युलेट कॉइन दिले की बक्षिसाची रक्कम दुप्पट होते. गोल्डेंगोच्या मेक इट रेनने उधळलेली नाणीही लढत संपल्यावर खिशात येतात. पण समोर लढायला तेच शिक्षक, त्याच मैत्रिणी, तीच त्यांची बोलणी! पहिल्या दिवशी गंमत वाटते, दुसऱ्या आठवड्यात अंगठा आपोआप बटण दाबू लागतो आणि आपण दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतो. ज्याला हा कंटाळा सोसवत नाही, त्याने व्हिटॅमिनचा नाद न केलेलाच बरा, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

तरीही माझा कल फिरला, आणि तो दोन शेजारच्या बटणांमुळे फिरला.

स्विच या खेळयंत्राच्या उजव्या बाजूला वरती आर आणि त्याच्या मागे झेडआर ही दोन बटणे आहेत. झेडआर दाबून चेंडू फेकला की रीतसर लढत सुरू होते. आर दाबले की आपला पोकेमॉन एकटाच पुढे धावतो आणि समोरच्याशी आपोआप भिडतो. लेव्हल 100चा असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत काम उरकून परत येतो. दोन्ही प्रकारांत अनुभव मिळतो. मात्र आपोआप झालेल्या लढतीत ईव्ही मिळत नाहीत. खेळ हे त्या वेळी सांगत नाही, आणि पडद्यावर तसा काही फरकही दिसत नाही.

मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून लढती मोजत असे. चार उभ्या आणि पाचवी आडवी, असे पाच गठ्ठे आणि वर तीन रेघा झाल्या की थांबायचे. एका रात्री पाच पोकेमॉन मागे बसवून मी दक्षिण प्रांतात फ्लेचलिंग हरवत होतो. मधेच दारावर कोणीतरी आले, मधेच गॅसवर ठेवलेले दूध आठवले. त्या धांदलीत एकदा झेडआरऐवजी आर दाबले गेले असावे. फ्लेचलिंग पडला, अनुभव मिळाला, मी रेघ ओढली. अठ्ठाविसाव्या रेघेला खेळ जतन करून झोपलो.

चूक कळली ती दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तेव्हा. त्याच्याकडेही गारचॉम्प होता आणि माझ्याकडेही, दोघांचेही नेचर जॉली (वेग वाढवणारे), दोघांच्याही आयव्ही पूर्ण. लेव्हल 50च्या नियमाने आम्ही समोरासमोर बसून खेळलो. दोन गारचॉम्प आमनेसामने आले आणि वेग सारखा असला, तर पहिला वार कोणाचा हे खेळ नशिबावर सोडतो. आणि आउटरेज ही ड्रॅगन प्रकारची चाल जो आधी मारेल तो उरतो, कारण गारचॉम्प स्वतः ड्रॅगन आहे आणि ड्रॅगनला ड्रॅगनचा घाव वर्मी लागतो. पहिला डाव त्याने जिंकला, ठीक. दुसऱ्यातही त्याचाच गारचॉम्प आधी उठला. चौथ्या डावानंतर तोच म्हणाला, “मामा, तुझा गारचॉम्प हळू आहे.”

मी अर्थातच ते मान्य केले नाही. मग त्याने माझ्या हातून स्विच घेतला, आकड्यांचे पान उघडले आणि वेगावर बोट ठेवले. 169 हवा होता तिथे 167 होता.

“किती मारले होतेस?”

“अठ्ठावीस. वहीत लिहून ठेवलंय.”

“सगळे झेडआरने?”

यावर मला उत्तर सुचले नाही. 27 लढतींचे 243 ईव्ही होतात आणि लेव्हल 50ला तेवढ्यात वेग 167वरच अडकतो. एका फ्लेचलिंगने माझे दोन पॉइंट नेले होते. त्याहून वाईट असे, की त्या रात्री गारचॉम्पबरोबर आणखी चार जण मागे बसलेले होते. म्हणजे पाचांना एकदम शिकवण्याचा जो फायदा मी मघाशी कौतुकाने सांगितला, त्याच फायद्याने माझी एक चूक पाच जणांत सारखी वाटून दिली होती.

न्यायाने सांगायचे तर खेळाने पडताळणीची सोय ठेवली आहे. आकड्यांच्या पानावर एल दाबले की षट्कोनी आलेख दिसतो, आणि जो स्टॅट 252वर पोहोचला असेल त्याच्या टोकाशी चमक येते. मी झोपण्यापूर्वी तेवढे पाहिले असते तर भाच्यापुढे मान खाली घालावी लागली नसती. ज्यांना दर वेळी आलेख उघडून पाहण्याची शिस्त आहे, त्यांना माझी तक्रार कदाचित फुसकी वाटेल. पण ही चमक फक्त 252लाच येते. ज्याला वेगाचे ईव्ही 116वर थांबवून उरलेले एचपीत आणि डिफेन्समध्ये विभागायचे आहेत, त्याला आलेखाची रेघ नुसती “बरीच पुढे” गेलेली दिसते. नेमका आकडा खेळ कुठेच छापत नाही. तिथे पुन्हा वही, पुन्हा रेघा, पुन्हा दूध. आणि लढतींचा हिशेब नऊच्या पाढ्याने चालतो, तो 116ला कुठेच भेटत नाही. बाटल्यांनी मात्र अकरा रिचवायच्या आणि वर एकेका ईव्हीची सहा पिसे द्यायची, की काम झाले.

व्हिटॅमिनच्या बाबतीत मला सर्वांत जास्त आवडते ते असे, की मोजण्याची जबाबदारी माझ्याकडे राहत नाही. बाटल्यांची संख्या एकदाच निवडायची, पूर्ण भरल्यावर खेळ स्वतःच पुढची बाटली घेऊ देत नाही. पोकेमॉन कथेच्या प्रवासात इकडचे तिकडचे ईव्ही गोळा करून आलेला असेल तर तेही बाटलीच दाखवून देते: दुसऱ्या स्टॅटच्या विसाव्या-बाविसाव्या बाटलीलाच नकार आला, की समजावे, 510चे भांडे आधीच कशाने तरी भरलेले होते. मग पोमेग, टामाटो वगैरे बेरी भरवून ते दहा-दहाने उतरवता येते, किंवा टील मास्कची भर विकत घेतलेली असेल तर किटाकामीतला फ्रेश-स्टार्ट मोची देऊन एका घासात पाटी कोरी करता येते. म्हणून मी आता अंड्यातून आलेल्या पोकेमॉनला लढतीत उतरवतच नाही. टेरा रेड या सामूहिक लढतींत मिळालेल्या एक्स्प कँडीने त्याला लेव्हल 50ला आणतो, कारण कँडीने लेव्हल वाढते पण ईव्ही वाढत नाहीत, आणि मग बाटल्या उघडतो. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम.

वेळेचा हिशेब मी घड्याळ लावून केलेला नाही, तेव्हा माझा अनुभव म्हणूनच वाचावा. 28 लढती ऐकायला थोड्या वाटतात. पण या खेळात लढतीतली दृश्ये बंद करण्याची सोय नाही; प्रत्येक वेळी चेंडू उघडणार, फ्लेचलिंग चिवचिवणार, वार होणार, पाच जणांचा अनुभव वाढत जाणार, मधेच एखाद्याची लेव्हल वाढून तो नवी चाल शिकू पाहणार. गवतातून धावताना पायाशी भलताच लेचोंक आला तर त्याच्यापासून पळणे आले. दोन स्टॅट भरून होईपर्यंत माझी एक संध्याकाळ जाते. टुर्नामेंटचा पैसा जमवायलाही तेवढीच संध्याकाळ जाते, कदाचित थोडी जास्तच. फरक एवढाच, की टुर्नामेंट खेळताना माझे लक्ष उडाले तरी नुकसान होत नाही. आर दाबले की झेडआर, हा प्रश्नच तिथे येत नाही.

ज्यांची कथा अजून संपलेली नाही, त्यांना मात्र मी लढतीच सुचवीन. दुकानांतला माल बॅजच्या संख्येनुसार वाढत जातो, पैसा तोवर चेंडू आणि औषधांत संपतो, आणि 26 बाटल्या घेण्याची ऐपत नसते. अशा वेळी डेलीबर्ड प्रेझेंट्स या दुकानातून एकेक पॉवर आयटम जमवत जाणे शहाणपणाचे. एकदम पाच-सहा जणांचा संघ शून्यापासून उभा करायचा असेल तरीही तेरा लाखांची बचत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तेवढे करताना एक कार्बोस पिशवीत राखून ठेवावी, एवढीच विनंती. लढती झाल्या, रेघा पूर्ण झाल्या, की प्रत्येकाला ती देऊन पाहावी. नकार आला तर हिशेब बरोबर होता, आणि बाटली पिशवीतच राहते. घेतली, तर कुठेतरी आर दाबले गेले होते, आणि 243वरून 252 गाठायला तीच पुरते.

मी तसेच केले. त्या पाच जणांना पाच बाटल्या दिल्या. पन्नास हजार गेले. पाच अँक्लेटना जेवढे गेले होते, बरोबर तेवढेच. आता माझ्या आणि भाच्याच्या गारचॉम्पचा वेग 169 आहे, आणि आधी कोण उठणार हे दोघांनाही ठाऊक नसते. गेल्या सुट्टीत सात डावांपैकी तीनदा माझा उठला.