नायलॉन की रेडियल? सह्याद्रीतल्या चिखलवाटांसाठी टायर निवडताना

गाडी स्वतःच्या चाकांवर शंभर-दीडशे किलोमीटर हायवे कापून मग मातीत उतरणार असेल, तर टायर रेडियलच घ्यावा. नायलॉन, म्हणजे कंपनीच्या कागदावरचा बायस प्लाय, आज दोनच गाड्यांना शोभतो. एक, गावात आणि शेतात चाळीसच्या वेगाने फिरणारी जुनी जीप. दुसरी, ट्रकवर चढवून स्पर्धेला नेली जाणारी गाडी.

कारण बांधणीत आहे. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरके, एकमेकांना छेदत जातात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दबली की नक्षीही (जमिनीला टेकणारा खाचांचा भाग) तिच्याबरोबर मुरडते. थरांच्या या घासाघाशीने टायर तापतो, डिझेल जास्त जातं आणि नक्षी लवकर झिजते. डांबरावर जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या तर तो अक्षरशः हुंगत जातो, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीचा नायलॉन टायर खालून चपटा बसतो, सकाळी पहिले काही किलोमीटर धडधडतो आणि गरम झाल्यावर गोल होतो. रेडियलमध्ये धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि नक्षीखाली तारेचे वेगळे पट्टे असतात. साइडवॉल वाकते, नक्षी जमिनीवर सपाट टेकलेली राहते.

साइडवॉलच्या बाबतीत मात्र नायलॉनची बाजू खरोखर भक्कम आहे. कोकणातल्या जांभ्याच्या फुटक्या कडा किंवा घाटमाथ्यावरचा धारदार काळा दगड रेडियलला नेमका बाजूने कापतो. तिथले धागे एकाच दिशेने असल्यामुळे धार त्यांच्या मधून शिरली की चीर सरळ पळते. नायलॉनमध्ये पुढचा थर तिला आडवा येतो. साइडवॉलचा भाग सतत वाकत असल्यामुळे तिथे पॅच टिकत नाही. पंक्चरची दोरी भरून हळूहळू जवळच्या गावापर्यंत यावं, हायवेला त्या टायरवर लागू नये. दगडावर आपटून बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेत. तो टायर बाद.

म्हणून रेडियल घेताना मोटारीचा पातळ टायर नको, एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या (लाइट ट्रक) वर्गातला घ्या. साइडवॉलवर बारीक अक्षरांत थर छापलेले असतात, ते वाचा. तीन थरांची साइडवॉल मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बीएफ गुडरिच कंपनीच्या केओ२ आणि केएम३ या टायरांमध्ये ती मिळते. ‘८ पीआर’ (प्लाय रेटिंग) म्हणजे आठ थर, असं समजू नका. तो वजन पेलण्याचा दर्जा आहे, प्रत्यक्ष थर कमी असतात. मापात मधे आडवी रेघ असेल तर नायलॉन, ‘आर’ असेल तर रेडियल. जुन्या जीपचा ६.००-१६ नायलॉन, थारचा २४५/७५ आर १६ रेडियल.

चिखलात बांधणीपेक्षा नक्षीचं महत्त्व जास्त. देशावरची काळी माती ऑल-टेरेनच्या (रस्ता आणि माती दोन्हींसाठीच्या नक्षीचा टायर) फटींत बसली की टायर गुळगुळीत लोळा होतो, मग आतून तो नायलॉन असो की रेडियल. तिथे रुंद फटींचा मड-टेरेनच (खास चिखलाचा टायर) हवा, आणि चाक थोडं वेगात फिरवून माती झटकावी लागते. कोकणात पातळ चिखलाखाली बहुधा कडक जांभा असतो. तिथे जुन्या जीपचा अरुंद ६.००-१६ चिखल कापून तळाला टेकतो आणि रुंद टायरपेक्षा सरस ठरतो. काळ्या मातीत असा तळच लागत नाही, तिथे रुंदी लागते.

रेडियलचे पैसे वसूल होतात ते हवा कमी केल्यावर. रस्त्यावर ३० पीएसआय असेल तर चिखलात १८ ते २०, दगडात १५ ते १८. टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि नक्षी दगडाला लपेटून बसते. बीडलॉक (टायरची कड रिमवर आवळून धरणारं कडं) नसताना त्याखाली गेलात, तर जोरात वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. डांबर लागताच हवा पुन्हा भरायची, म्हणजे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत हवाच. हवा कमी करायचा कंटाळा असेल, तर महागड्या रेडियलवर पैसे घालू नका.

नायलॉनची बाजू २० पीएसआयला जेमतेम बाहेर येते, टायर १० ते १२ पर्यंत उतरवल्यावर कुठे पसरतो. पण आत ट्यूब असेल तर इतक्या कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह मुळाशी फाटतो. रिमच्या भोकात वॉल्व्ह तिरका दिसला की तिथेच थांबा. पूर्ण हवा काढून, टायरची कड रिमपासून सोडवून वॉल्व्ह सरळ करा आणि मग भरा.

स्पर्धेचं गणित वेगळं. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेसारख्या ठिकाणी वेग नगण्य, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) सोबत आणि रिमला बीडलॉक. तिथे टणक साइडवॉल कामी येते आणि हायवेवरची वटवट आड येत नाही. सुपर स्वॉम्पर टीएसएल किंवा मॅक्सिस ट्रेपाडोर या टायरांच्या बायस आवृत्त्या अशाच कामासाठी आहेत. त्या बघून रोजच्या थारला तसे टायर घालू नका.

दोन्ही प्रकार एकाच गाडीला कधीच मिसळू नका. एकाच अ‍ॅक्सलवर मिसळले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. पुढे एक, मागे दुसरा असं केलं तर दोघांचा घेर वेगळा पडतो आणि फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) ताण येऊन गिअर अडकतो. म्हणून टायर पाचही एकदम घ्या, स्टेपनीसकट. बसवण्याआधी प्रत्येकाच्या बाजूचा चार आकडी शिक्का बघा: २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असला तरी परत करा.