ओटावा विद्यापीठ : वर्षभराच्या वापरानंतर, आणि मुख्यतः विषयक्रमांकातील दुसऱ्या आकड्याविषयी

विद्यापीठाची जागतिक क्रमवारी, संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क, जीआयसीची (खर्चाचा पुरावा म्हणून कॅनडातल्या बँकेत ठेवायच्या ठेवीची) रक्कम, विद्यार्थी-परवाना मिळायला लागणारा वेळ, ही सगळी माहिती इथे यायचे ठरवलेल्यांनी आधीच पाठ केलेली असते, म्हणून ती मी पुन्हा लिहीत नाही. इथे येऊन वर्ष उलटून गेल्यावर अनुभव लिहावासा वाटला, त्याला निमित्त भाड्याच्या घरातील बंद पडलेल्या फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे झाले. फर्नेसचा विद्यापीठाच्या इंग्रजी-फ्रेंच द्विभाषिकपणाशी काय संबंध, ते ओघाने येईलच. त्याआधी ज्या एका गोष्टीने मला पहिल्या दिवसापासून पछाडले, तिच्याविषयी सांगते.

इथल्या प्रत्येक विषयाला तीन अक्षरे आणि चार आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा वर्ष सांगतो आणि दुसरा आकडा भाषा. दुसरा आकडा १ ते ४ असेल तर तो विषय इंग्रजीत शिकवला जातो, ५ ते ८ असेल तर फ्रेंचमध्ये, आणि ० किंवा ९ असेल तर दोन्ही भाषांत. प्रोग्रामिंगची ओळख करून देणारा पहिल्या वर्षाचा विषय इंग्रजीत आयटीआय ११२० आहे, आणि तोच फ्रेंचमध्ये आयटीआय १५२० आहे. डेटा स्ट्रक्चर्स (संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) इंग्रजीत सीएसआय २११० आणि फ्रेंचमध्ये सीएसआय २५१०. प्रवेशाच्या वेळी ही पद्धत मला कोणी समजावून सांगितली नव्हती, पण एकदा लक्षात आल्यावर यूओझोनवर, म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थी-संकेतस्थळावर, वेळापत्रक उघडले की माझी नजर आपोआप त्या दुसऱ्या आकड्यावर जाऊ लागली. इंग्रजी-फ्रेंच विद्यापीठांमध्ये हे जगातील सर्वांत मोठे, विद्यार्थीसंख्या चाळीस हजारांच्या वर. आणि तरीही यादीतला बराच मोठा भाग ५, ६, ७, ८ पाहूनच मला ओलांडावा लागे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिक विद्यार्थ्याच्या कित्येक पट असते. ते पूर्ण भरून विद्यापीठ मात्र निम्मेच वापरायचे, म्हणजे थाळीचे पैसे देऊन पोळी-भाजीवर उठण्यासारखे झाले. त्यात भर म्हणजे, फ्रेंचमधून शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत देण्याची पद्धत या विद्यापीठात बऱ्याच वर्षांपासून आहे. तिच्या अटी वेळोवेळी बदलतात, त्या ज्याने त्याने तपासाव्यात. मला मात्र ती सवलत लागू नाही एवढे निश्चित आहे, आणि हे वाक्य लिहितानाही ते मला बोचते आहे.

माझ्यासारख्या अनेकांनी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेले असते. का घेतलेले असते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको : मराठी-हिंदीपेक्षा गुण जास्त पडतात म्हणून. नाशिकच्या कनिष्ठ महाविद्यालयात मला त्या विषयात भरघोस गुण होते, आणि निकाल लागला त्या आठवड्यातच वही रद्दीत गेली होती.

पहिल्या सत्रात द्विभाषिकपणा मला केवळ सोपस्कार वाटत होता. विद्यापीठाची प्रत्येक ईमेल दोनदा येते, म्हणजे एकाच पत्रात वर एक भाषा आणि खाली दुसरी. त्यामुळे अंतिम तारीख शोधण्यासाठी निम्मे पत्र खाली सरकावे लागते. इमारतींची नावे बहुतेक फ्रेंच : टॅबरे, मोरिसेट, लामुरो, मॉंपेटी. आणि कळफलक! संगणकावर इंग्रजीसोबत कॅनेडियन फ्रेंच कळफलकही बसवलेला असतो, आणि नकळत दोन कळा एकत्र दाबल्या गेल्या की तो गुपचूप बदलतो. मग तिरकी रेघ उमटवायला जावे तर 'é' हे अक्षर उमटते, आणि महिरपी कंस कुठे गेले ते सापडत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला तिरकी रेघ आणि महिरपी कंस यांच्याशिवाय दिवस काढता येत नाही. प्रात्यक्षिकाची वेळ संपत आली असताना हे घडले की मनात काय येते, ते छापण्याजोगे नाही. उपाय साधा आहे, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबणे. पण तो मला एका पहिल्या वर्षाच्या मुलीने, म्हणजे मी जिची शिक्षण-साहाय्यक (टीए) होते तिने, शिकवला.

या टीएच्या कामानेच माझे मत पहिल्यांदा बदलू लागले. विद्यापीठाचा नियम असा आहे की, भाषा शिकवणारे विषय आणि असे काही अपवाद सोडले तर, विषय कोणत्याही भाषेत शिकवला जात असो, विद्यार्थी गृहपाठ आणि परीक्षेची उत्तरे इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी हव्या त्या भाषेत लिहू शकतो. तपासायला आलेल्या इंग्रजी वर्गाच्या गठ्ठ्यात काही उत्तरपत्रिका फ्रेंचमध्ये निघाल्या तेव्हा मी त्या बाजूला ठेवल्या, कारण त्या फ्रेंच जाणणाऱ्या सहकाऱ्याकडे द्यायच्या असतात. पण देण्यापूर्वी एक वाचून पाहिली. मोजणीच्या चलाला 'कोंप्तर' आणि बेरजेला 'सोम' अशी नावे दिलेली होती, लूप तोच होता, चूकही तीच होती जी इंग्रजीतल्या निम्म्या वर्गाने केली होती, आणि शेजारच्या टिपणीचा अर्थ मला लागत होता. ज्या भाषेत मला बाजारात दूध मागता आले नसते, त्या भाषेतला प्रोग्राम मी तपासू शकत होते.

मग मी एक काटकसरीचा उद्योग केला. सीएसआय २५१० शिकवणाऱ्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन त्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. डेटा स्ट्रक्चर्स मला पदवीपासून येत असल्याने फळ्यावर काय चालले आहे ते कळत होते; कळायचे राहिले होते ते फक्त बोलणे. 'झाड' म्हटल्या जाणाऱ्या माहितीच्या रचनेत कोणत्या फांदीला काय म्हणतात हे आकृतीवरूनच लक्षात येई, आणि तीच वाक्ये दर आठवड्याला फिरून येत असल्याने कान तयार होत गेला. याच्या जोडीला २००७ मध्ये स्थापन झालेल्या राजभाषा आणि द्विभाषिकता संस्थेतले संभाषण गट होते. त्यांचे मला वेगळे पैसे पडले नाहीत, आणि तिथे माझ्याइतकेच अडखळणारे लोक असल्याने लाजही वाटली नाही. फ्रेंचचा शिकवणी वर्ग लावण्याआधी हे दोन मार्ग वापरून पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

माझी खोली सँडी हिलमध्ये, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोबत राहणारी मुलगी याच प्रांतातल्या, म्हणजे ओंटारिओच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातली, घरी फ्रेंच बोलणारी, आणि कायद्याची विद्यार्थिनी. (या विद्यापीठात इंग्लंडच्या परंपरेचा कॉमन लॉ आणि शेजारच्या फ्रेंचभाषिक क्वेबेक प्रांताचा सिव्हिल लॉ हे दोन्ही शिकवले जातात, हेही इथेच आल्यावर कळले.) फ्रेंच म्हणजे क्वेबेक, असे मी एकदा सहज म्हणाले तेव्हा तिने शांतपणे मला इतिहास ऐकवला. १८४८ मध्ये हे शहर बायटाउन नावाची लाकूडवखारींची वस्ती असताना बिशप गीग यांनी इथे महाविद्यालय काढले, ते इंग्रजी बोलणाऱ्या आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी, आणि पुढे ते ऑब्लेट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी चालवले. १९१२ मध्ये ओंटारिओ सरकारने 'नियम १७' आणून शाळांतले फ्रेंच शिक्षण पहिल्या दोन इयत्तांपुरते आखडले. ओटावातल्या पालकांनी आणि शिक्षिकांनी त्याविरुद्ध लढा दिला, आणि १९२७ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १९६५ मध्ये विद्यापीठ चर्चच्या हातून निघून सरकारी अनुदानावर आले, तेव्हा त्याच्या कायद्यातच द्विभाषिकतेचा प्रसार आणि ओंटारिओतील फ्रेंच संस्कृतीचे जतन ही उद्दिष्टे लिहिली गेली. विषयक्रमांकातल्या ५ या आकड्यामागे तिच्या आधीच्या पिढ्यांचा असा लढा आहे, हे ऐकल्यानंतर त्या आकड्यावर चिडणे मला जरा अवघड जाऊ लागले.

आता फर्नेस. जानेवारीतल्या एका रविवारी रात्री, बाहेर उणे पंचवीसच्या आसपास असताना, आमच्या घरातली गरम हवा थांबली. सोबतीण गावी गेली होती. घरमालकाने फोन उचलला नाही. सकाळी संदेश आला की माणूस येतो आहे. आला तो नदीपलीकडच्या गातिनोचा, साठीतला, आणि त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. तळघरात जाऊन त्याने फर्नेसचे झाकण काढले, आतल्या पट्टीवरचा लुकलुकणारा लाल दिवा किती वेळा लागतो ते मोजले, झाकणाच्या आतल्या कागदावर त्याचा अर्थ पाहिला, आणि मला घेऊन घराच्या मागे गेला. भिंतीतून गुडघ्याच्या उंचीवर प्लास्टिकचे दोन पांढरे नळ बाहेर येतात : एकातून फर्नेस हवा ओढते, दुसऱ्यातून धूर सोडते. बर्फ काढणाऱ्याने रस्त्यावरचा ढीग नेमका तिथे लोटला होता आणि हवा ओढणाऱ्या नळाचे तोंड बर्फाने बुजले होते. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून तो बर्फ फोडला, ढीग फावड्याने बाजूला केला, आणि काही मिनिटांत तळघरातून घरघर सुरू झाली.

खरी गंमत त्यानंतरची. दुरुस्तीचे पैसे भाडेकरूंनी वाटून द्यावेत, कारण आम्ही थर्मोस्टॅटशी खेळलो, असे घरमालकाचे म्हणणे पडले. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी त्या कारागिराला बिलावरच बिघाडाचे कारण लिहायला सांगितले होते, आणि त्याने दोन ओळींत ते लिहिले होते : बाहेरचा नळ बर्फाने बंद, थर्मोस्टॅट व्यवस्थित. त्याचे छायाचित्र मी पाठवले. घरमालकाला फ्रेंच येत नसल्याने त्या दोन ओळींचा अर्थ त्याला माझ्याकडूनच समजून घ्यावा लागला. सोबतिणीने गावाहून कायदा कळवला : ओंटारिओच्या २००६ च्या निवासी भाडेकरार कायद्यानुसार घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी असते, आणि तो ऐकत नसेल तर 'टी-६' हा अर्ज घेऊन घरमालक-भाडेकरू मंडळाकडे जाता येते. अर्जाचे नाव घेताच विषय मिटला. जाता जाता सांगते, ओंटारिओत नुकसानभरपाईसाठी वेगळी अनामत घेणे कायद्याला मान्य नाही; शेवटच्या महिन्याचे भाडे मात्र आगाऊ मागता येते. आपल्याकडच्या डिपॉझिटची सवय असलेली मुले न विचारता पैसे मोजून मोकळी होतात.

राहण्याच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ओसी ट्रान्सपो या शहर वाहतूक सेवेचा यू-पास (विद्यार्थ्यांचा प्रवासपास) पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या शुल्कातच येतो, आणि ओ-ट्रेन या शहरी रेल्वेचे स्थानक विद्यापीठाच्या दारात आहे. आरोग्यविम्यासाठी यूएचआयपी बंधनकारक असतो, त्याचे पैसे आधीच हिशेबात धरावेत. सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. रिडो कालवा विद्यापीठाला लागूनच वाहतो, आणि हिवाळ्यात तो गोठला की स्केटिंगसाठी ७.८ किलोमीटर लांबीची बर्फवाट फुकट मिळते, अर्थात थंडी पुरेशी पडली तर. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ती एक दिवसही उघडली नव्हती. गातिनोत भाडी कमी असल्याने काही जण तिकडे राहतात, पण तो क्वेबेक प्रांत असल्याने भाडेकरारापासून करापर्यंत सगळे नियम वेगळे होतात, आणि करारनामा बहुधा फ्रेंचमध्ये असतो.

शुल्काविषयीची माझी तक्रार मात्र या सगळ्यानंतर निम्म्यावर आली आहे, आणि त्याला फर्नेसच्या बिलापेक्षा मोठे कारण आहे. कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवरून उमेदवार निवडणाऱ्या एक्सप्रेस एंट्रीत २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी निमंत्रणाच्या वेगळ्या फेऱ्या होतात, आणि त्यांत लागणारे किमान गुण कॅनडातल्या अनुभवावर आधारलेल्या फेऱ्यांपेक्षा पुष्कळ खाली असतात. त्यासाठी टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षेत ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही अंगांत सातवी पातळी लागते. ही पातळी काही मागच्या बाकावर बसून येत नाही. माझे वाचन तिथवर पोहोचत आले आहे, बोलणे बरेच मागे आहे, आणि टोरोंटोत राहून ऑनलाइन शिकवणीला हजारो डॉलर मोजणाऱ्या माझ्या मैत्रिणींना कॅन्टीनच्या रांगेत फुकट ऐकायला मिळणारी भाषा मिळत नाही.

तेव्हा निवड करणाऱ्यांसाठी माझे मत असे : फ्रेंचशी काहीही घेणेदेणे नको असेल तर याच शहरात कार्लटन विद्यापीठ आहे, तिथे सगळे इंग्रजीत चालते, आणि इमारतींना जोडणारी भुयारे असल्याने जानेवारीत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात कोट न चढवता जाता येते, जे आमच्या नशिबात नाही. इथेच यायचे असेल तर बारावीची फ्रेंचची वही रद्दीत घालू नये, आणि यूओझोनवर विषय शोधताना ५ ते ८ आकड्यांचे विषय लपवणारी खूण लावून ठेवू नये. मी ती मागच्या महिन्यात काढली. कळफलकाचे मात्र अजूनही जमलेले नाही.