पहिलं सर्टिफिकेशन कोणतं करावं? ए प्लस, सीसीएनए, सिक्युरिटी प्लस की क्लाउड

आयटीत नव्याने शिरणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो: "आधी कोणतं सर्टिफिकेशन करू?" त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न मात्र राहून जातो: नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी मला कोणत्या कामाला बसायचंय? हेल्पडेस्कवर युजरचे फोन घ्यायचे आहेत, स्विच-राउटर सांभाळायचे आहेत, की क्लाउडवर सर्व्हर उभे करायचे आहेत? हे ठरलं की निम्मी यादी आपोआप गळून पडते. प्रोग्रामिंगच करायचं असेल तर जवळजवळ सगळीच गळते. तिथे स्वतः लिहिलेला आणि चालणारा कोड दाखवणं याहून मोठा दाखला नाही.

मी काही वर्षं सपोर्ट आणि नेटवर्कच्या जागांसाठी मुलाखती घेतल्या आहेत. पुढची मतं टेबलाच्या त्या बाजूने पाहून बनलेली आहेत.

एक घोळ आधी मिटवायला हवा. कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि देखरेखीखाली परीक्षा देऊन मिळवलेलं सर्टिफिकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुगलचा आयटी सपोर्टचा कोर्स २०१८ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आला. अगदी कोऱ्या पाटीने येणाऱ्यासाठी तो चांगला आहे, पण तो पहिल्या प्रकारात मोडतो. शिकण्यासाठी जरूर करा. अर्ज चाळणाऱ्याच्या लेखी मात्र त्याचं वजन ए प्लसइतकं नसतं.

आता ए प्लस. आयटीची सर्टिफिकेशन देणाऱ्या कॉम्पटिया या संस्थेची ही परीक्षा १९९३ पासून चालू आहे. पेपर दोन, प्रत्येकी ९० मिनिटांचे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांचे. पहिल्यात हार्डवेअर, मोबाइल, प्रिंटर, नेटवर्कची तोंडओळख. दुसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा, सॉफ्टवेअरच्या तक्रारी आणि युजरशी कसं बोलावं-वागावं हेही. पास व्हायला पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण लागतात. मोजपट्टी १०० ते ९०० अशी असल्यामुळे याचा अर्थ ६७५ म्हणजे पाऊणशे टक्के असा लावू नका. फी दोनदा भरावी लागते, हे आधीच हिशेबात धरा.

ए प्लसची व्याप्ती मोठी, खोली कमी. संगणकाची पदवी नसलेल्या आणि हेल्पडेस्कपासून सुरुवात करू पाहणाऱ्या माणसाला ते खरोखर उपयोगी पडतं, कारण अर्जांच्या पहिल्या चाळणीत त्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नसतं. पदवी हातात आहे किंवा वर्षभर मशीन दुरुस्तीचं काम केलंय, अशांनी ए प्लसवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सीसीएनएचं, म्हणजे नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सर्टिफिकेशनचं, गणित उलटं आहे. क्षेत्र एकच, पण आत चांगलं खोलवर जावं लागतं. २०२० पासून पेपर एकच आहे, २००-३०१, वेळ १२० मिनिटं. सर्वांत जास्त वजन, २५ टक्के, आयपी कनेक्टिव्हिटीला म्हणजे मुख्यतः राउटिंगला आहे. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, त्यामुळे "नंतर बघू" ही सवय इथे महागात पडते. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे लहान गट पाडण्याचा हिशेब, तर बोटांवर हवं. १९२.१६८.१०.७७ आणि /२६ दिसल्याबरोबर ६४ चा गट, नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .१२७, मधले ६२ पत्ते वापरायचे, हे कागद न घेता सुचायला हवं.

हा पेपर इतरांपेक्षा वरचा का वाटतो, ते एका मुलाखतीवरून सांगते. माझा एक ठरलेला प्रश्न असे: युजरचं काहीच उघडत नाही, त्याच्या मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालाय, काय कराल? "हा एपीआयपीए पत्ता, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही की मशीन स्वतःच घेतं," इथपर्यंत बहुतेक जण येत आणि थांबत. व्याख्या बरोबर, पण युजर अजून अडकलेलाच. एका मुलीने मलाच उलट विचारलं, "शेजारच्या मशीनला नीट पत्ता मिळतोय का?" त्या एका प्रश्नाने शोध अर्ध्यावर आला. शेजारी ठीक असेल तर केबल, पोर्ट किंवा पोर्टचा व्हीलॅन (स्विचमध्ये वेगळा पाडलेला नेटवर्कचा गट) बघायचा. शेजारीही अडलेला असेल तर डीएचसीपी सर्व्हर, किंवा तिथपर्यंतची वाट. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल तर मधल्या राउटरवर रिले, म्हणजे मशीनची हाक पुढे पोहोचवणारी सोय, लावलाय का ते बघायचं, कारण ती हाक ब्रॉडकास्ट (आपल्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना घातलेली) असते आणि राउटर ती आपणहून पुढे पाठवत नाही. हे कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, "पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सिम्युलेटरमध्ये मी मुद्दाम पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये टाकून बघायचे." सीसीएनएची परीक्षा तिने अजून दिलेलीसुद्धा नव्हती, तयारी चालू होती. आम्ही तिला घेतलं.

पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की फुकट मिळतं. म्हणजे फी परवडत नसली तरी तयारीचा सगळ्यात मोलाचा भाग कुणाचाही अडत नाही. कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस की सीसीएनए असा पेच असेल, तर नेटवर्कचंच काम करायचं ठरलेल्याने थेट सीसीएनए करावं. नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेलं नाही, हा त्याचा गुण. पण दोन्ही करण्यात तोच धडा दोनदा वाचणं होतं.

कॉम्पटियाच्याच सिक्युरिटी प्लस या सुरक्षेच्या परीक्षेला मागणी आहे, त्याचं एक ठोस कारण म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या ठरावीक जागांसाठी मान्य असलेल्या सर्टिफिकेशनांत त्याचं नाव आहे. पेपर एकच, ९० मिनिटांचा, ७५० ला पास. पण स्वतः कॉम्पटियाच आधी नेटवर्क प्लस आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव सुचवते. फायरवॉलचा नियम वाचायचा तर पोर्ट आणि प्रोटोकॉल आधी कळायला हवेत ना? म्हणून हे दुसरं म्हणून उत्तम, पहिलं म्हणून नको. आयएससीटू (आधीचं नाव आयएससी-स्क्वेअर) या सायबर सुरक्षेच्या संस्थेची सीसी ही परीक्षा, २०२२ मध्ये आलेली, अनुभव मागत नाही. पुढे दरवर्षी देखभाल शुल्क मात्र भरावं लागतं.

क्लाउडच्या पायाभूत परीक्षांबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० आणि ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर, दोन्हींतून परिभाषा कळते, बिलिंग कळतं, कोणती सेवा कशासाठी ते कळतं. काम येतं असं त्यातून सिद्ध होत नाही. आधीच नोकरीत असलेल्या विक्रीच्या किंवा व्यवस्थापनाच्या माणसाला त्या पुरेशा आहेत. इंजिनिअर व्हायचं असेल तर तिथे न रेंगाळता मायक्रोसॉफ्टच्या एझेड-१०४ किंवा ॲमेझॉनच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटकडे वळा.

या सगळ्यांत मला मनापासून आदर वाटतो तो रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेबद्दल. तिथे पर्याय निवडायचे नसतातच. मशीन समोर, कामांची यादी, आणि सगळं करून दाखवायचं. केलेलं काम मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, एक ओळ चुकली तर मशीन पुन्हा नीट उठतच नाही, आणि बाकीची मेहनतही सोबत जाते. पहिलीच परीक्षा म्हणून जड आहे, पण लिनक्सची आवड असेल तर सहा महिने घाला.

मुदतीचा विचार क्रम ठरवताना करा. ए प्लस, सिक्युरिटी प्लस, सीसीएनए, क्लाउड प्रॅक्टिशनर, सगळी तीन वर्षांची. एझेड-९०० ला मुदत नाही, एझेड-१०४ वर्षाची असते पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट होतं. कॉम्पटियाची वरची परीक्षा पास झालात तर खालचंही नूतनीकरण होतं, म्हणून ए प्लस संपायच्या आत सिक्युरिटी प्लस दिलं तर एका दगडात दोन पक्षी.

फुटलेल्या प्रश्नांच्या फायली, ज्यांना डंप म्हणतात, त्यांच्या नादी लागू नका. करारभंग होतो, सर्टिफिकेशन रद्द होऊ शकतं. आणि घोकून आलेला माणूस मुलाखतीत पाच मिनिटांत उघडा पडतो. त्याची अवस्था पाहून मलाच वाईट वाटायचं, कारण वेळ आणि पैसे दोन्ही त्याने खरेच घातलेले असत.

पुस्तक घेण्याआधी परीक्षेचा क्रमांक तपासा. ए प्लसची नवी आवृत्ती, २२०-१२०१ आणि २२०-१२०२, मार्च २०२५ मध्ये आली, आणि दोन्ही पेपर एकाच आवृत्तीचे लागतात. एक जुन्याचा आणि एक नव्याचा असं चालत नाही.