नेमकं ठिकाण द्यावं की अंदाजे?
हवामानाच्या साइटला तुमचं गाव कळलं की पुरे, दाराचा नंबर कशाला? तरी ब्राउझर बहुधा एवढंच विचारतो: लोकेशन द्यायचं की नाही? अंदाजे ठिकाणाचा पर्याय आयफोनला २०२० साली आयओएस १४ मध्ये, तर अँड्रॉइडला २०२१ साली आवृत्ती १२ मध्ये मिळाला. अँड्रॉइडचा अंदाज साधारण ३ चौरस किलोमीटरचा. बातम्या, हवामान यांचं तेवढ्यात भागतं. रिक्षा बोलावताना मात्र नेमकंच द्यावं, नाहीतर चालक पलीकडच्या गल्लीत हॉर्न वाजवत बसेल. अंदाजेही पूर्ण लपवत नाही म्हणा. दादरमध्ये ३ चौरस किलोमीटरांत हजारो घरं, डोंगरातल्या वाडीत जेमतेम पाचपंचवीस. तरीही ब्राउझरने आधी अंदाजेच पुढे करावं. नेमकं हवं असेल तर साइटने कारण सांगून पुन्हा मागावं.