दसऱ्याचं तोरण: खऱ्या झेंडूचं की लोकरीचं?

घट बसले की आमच्या बिल्डिंगमधे हाच विषय, तोरण फुलांचं ओवायचं की लोकरीचं एकदाच करून टाकायचं. मी दोन्ही केलीयेत, मधे एकदा रिबिनीचंही करून झालंय, म्हणून सांगते. खर्चाचं नंतर बघा, आधी ठरवा की तोरण दारावर किती दिवस राहायला हवंय.

फक्त दसऱ्यापुरतं हवं असेल तर झेंडूच, त्यात माझं काही दुमत नाही. साडेतीन फुटी दार आणि दोन्ही बाजूंना फूटभर लोंबणाऱ्या सरी धरल्या तर मोठी साठेक फुलं लागतात. पाऊण किलोत भागतं पण किलोभर घ्या, कारण पिशवीच्या तळातली चेपलेली निघतातच. कलकत्ता झेंडू घ्या, तो भरगच्च असतो, आणि फूल देठाकडून दाबून बघा, मऊ लागलं तर आतून गेलेलं असतं. दाभण किंवा गोणपाटाची सुई, दुहेरी सुती दोरा, देठाकडून घालून बरोबर मधून बाहेर काढायची, पाच फुलं झाली की आंब्याचं पान. सगळं मिळून पाऊण तास. फक्त ओवताना फुलं कोरडी हवीत. एका वर्षी मी शहाणपणा करून दोन दिवस आधीच फुलं आणली, वर पाणी शिंपडलं आणि पिशवीला गाठ मारून ठेवली, दसऱ्याच्या सकाळी उघडली तर आत काळपट लगदा आणि तो वास... सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तेव्हापासून आदल्या संध्याकाळीच आणते आणि रात्रभर पेपरवर पसरून ठेवते.

पण हे तोरण दोन दिवस छान दिसतं, तिसऱ्या दिवशी फुलं माना टाकतात. दिवाळी पुढे वीसेक दिवसांनी, म्हणजे परत बाजार, परत ओवणं. भाव तर सणाच्या आदल्या दिवशी काय असेल ते सांगूच नका, त्यात परतीच्या पावसाने माल भिजला असेल तर महाग घेऊनही टिकत नाही.

लोकरीचं मात्र वसुबारस ते भाऊबीज मजेत लटकतं, पुढच्या वर्षी परत. क्रोशा येत नसला तरी चालतं, गोंडे करायचे. तीन बोटांवर ऐंशी वेढे घ्यायचे, मधोमध आवळून बांधायचे, दोन्ही कडा कापायच्या आणि मग कात्रीने गोल छाटत बसायचं. एका गोंड्याला सहा मिनिटं धरा, असे तेहतीस, म्हणजे तीन तास तर नुसते गोंडेच. आणि हो, मधला दोरा लोकरीचा नको, ती ताणते आणि गाठ सैल पडते, मग तोरणाखाली रोज केशरी केस. जाड सुती दोऱ्यानेच आवळा. पानं मी हिरव्या फेल्टची कापली. लोकर केशरी तीन गुंडे आणि पिवळा एक, म्हणजे दोन वर्षांच्या फुलांच्या पैशात सहज बसतं. धूळ मात्र भरपूर धरतं, थंड पाण्यात शॅम्पूचे चार थेंब टाकून बुडवायचं आणि न पिळता सावलीत पसरायचं.

रिबिनीच्या फुलांचं थोडक्यात सांगते, दिसायला सगळ्यात झकास, पण ग्लू गनने चिकटवलेलं आणि आमचं दार पश्चिमेला, दुपारच्या उन्हाने ग्लू मऊ झाला आणि फुलं एकेक करून पायपुसण्यावर. दार सावलीत असेल तर करा.

परदेशात असाल तर लोकरीलाच जा, माझी नणंद डब्लिनला असते, तिकडे आंब्याची पानं कुठली आणि इथून बॅगेत ताजी पानं नेता येत नाहीत.

मी आता दसऱ्याला झेंडू आणि दिवाळीला लोकर असंच करते, खिळे तेच तीन, मधला हवाच नाहीतर फुलांच्या वजनाने तोरण मधे झोळीसारखं लोंबतं. वाळलेलं तोरण फेकू नका, फुलं चुरडून कुंडीत टाका. मागच्या तोरणाची सात रोपं यंदा माझ्या बाल्कनीत आलीयेत, फुलं जरा लहान आहेत, पण दाराच्या एका सरीपुरती होतील.