प्रोजेस्टेरॉन: कॅप्सूल, जेल की कमरेतलं इंजेक्शन?

फ्रोजन एम्ब्रियो ट्रान्सफरची (गोठवून ठेवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याची) सायकल पूर्णपणे हार्मोनच्या गोळ्यांवर चालवली असेल, तर त्या महिन्यात बीज फुटत नाही. बीज फुटल्यावर अंडाशयात बनणारं, प्रोजेस्टेरॉन देणारं पीतपिंड तयार होत नाही, म्हणून गर्भ रुजून टिकायला लागणारं हे हार्मोन शरीराचं स्वतःचं जवळजवळ नसतंच. सगळी भिस्त बाहेरच्या औषधावर.

योनीमार्गात ठेवायची कॅप्सूल सर्वांत सुटसुटीत. ४०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ हा रूढ डोस. ठेवल्यावर अर्धा तास पडून राहावं. नंतर जे पांढरट, तेलकट गळतं ते बहुतांशी कॅप्सूलमधलं तेल असतं. औषध वाहून गेलं असं समजून दुसरी ठेवू नये. खरी खोट ही की शोषण प्रत्येकीत वेगळं होतं. ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातली पातळी तपासून घ्यावीच. ती १० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास किंवा खाली असेल, तर बरेच डॉक्टर इंजेक्शन जोडतात.

२०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत योनीमार्गातून फक्त २०० मिग्रॅ दोनदा घेणाऱ्यांत बाळंतपणापर्यंत पोचण्याचं प्रमाण २७ टक्के होतं. रोज ५० मिग्रॅ इंजेक्शन घेणाऱ्यांत ४४, तर योनीमार्गातलं औषध आणि दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन घेणाऱ्यांत ४६. आमची पसंती याच जोडीला: परिणाम तोच, टोचणं एकतृतीयांश.

इंजेक्शन तेलातलं असतं, म्हणून दुखतं. कुपी तळहातात धरून कोमट करावी, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात हळूहळू द्यावं, मग चोळावं आणि बाजू आलटूनपालटून बदलावी. एकाच जागी टोचत राहिलं की गाठी धरतात. तेल तिळाचं किंवा शेंगदाण्याचं असू शकतं. ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं. काही कॅप्सूलमध्येही शेंगदाणा तेल असतं.

योनीमार्गात ठेवायचं ८ टक्क्यांचं जेल गळतं कमी, पण आत गोळे साठून राहतात. डायड्रोजेस्टेरॉनची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या कृत्रिम औषधाची) १० मिग्रॅची गोळी घ्यायला सोपी. मात्र ती रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत दिसत नाही, तेव्हा तिच्यावर असताना कमी आलेला रिपोर्ट पाहून घाबरू नये.

थोडा रक्ताचा डाग दिसला म्हणून कुठलंच औषध आपल्या मनाने बंद करू नका. छाती जड होणं, पाळी लांबणं हे प्रोजेस्टेरॉननेही होतं, तेव्हा निकाल बीटा एचसीजीचाच, म्हणजे गर्भधारणेच्या रक्त तपासणीचाच. तो पॉझिटिव्ह आला तर वार (प्लासेंटा) प्रोजेस्टेरॉन बनवण्याचं काम हाती घेईपर्यंत, साधारण गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांपर्यंत, डोस चुकवू नये.