के-जेट्रॉनिकसाठी प्रेशर गेजचा संच: ९११ एससीवर आठ महिने वापरल्यानंतर

थंड गाडी पहिल्या सेल्फला सुरू, पण फिरून आल्यावर वीस-तीस मिनिटं उभी राहिली की गरम इंजिन सेल्फ मारून मारून बॅटरी बसेपर्यंत पेट घेत नाही. १९७८ ते १९८३ च्या पोर्शे ९११ एससीवाल्यांना हे दुखणं नवीन नाही. गॅरेजचा ठरलेला सल्लाही नवीन नाही: वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेपर्यंत मिश्रणात जास्त पेट्रोल देणारा भाग) बदला. माझ्या १९८२ च्या गाडीसाठीही तोच मिळाला. हा गेजचा संच रीबिल्ट रेग्युलेटरच्या निम्म्याहून कमी किमतीत आला, म्हणून आधी तो घेतला. तो निर्णय बरोबर होता. संच मात्र जसा येतो तसा वापरू नये, आणि त्याचं कारण त्याची झडप.

के-जेट्रॉनिक ही या गाडीची यांत्रिक इंधन-इंजेक्शन पद्धत. तिच्या इंजेक्टरला वायर नाही आणि स्कॅनर लावायला जागा नाही. हवेच्या ओढीने सेन्सर प्लेट वर उचलली जाते, ती इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर ढकलते, आणि त्या प्लंजरच्या डोक्यावर रेग्युलेटरने ठरवलेलं कंट्रोल प्रेशर बसलेलं असतं. ते कमी तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), जास्त तर लीन (पेट्रोल कमी). तेव्हा हे इंजिन काय म्हणतंय ते प्रेशरवरूनच कळतं. प्रेशर न मोजता पार्ट बदलणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

गेज डिस्ट्रिब्युटर आणि रेग्युलेटर यांच्या मधे बसतं, झडप रेग्युलेटरच्या बाजूला. झडप बंद केली की सिस्टिम प्रेशर (पंपाकडून येणारं मुख्य प्रेशर) दिसतं, उघडली की कंट्रोल प्रेशर. एससीला सिस्टिम प्रेशर ४.५ ते ५.२ बारमध्ये हवं. कंट्रोल प्रेशर रेग्युलेटर पूर्ण तापल्यावर साधारण ३.४ ते ३.८ बार. थंड मोजणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, रेग्युलेटरचा प्लग काढूनच करायची, नाहीतर आतली बायमेटल पट्टी तापते आणि काटा डोळ्यांदेखत वर सरकतो. थंड आकडा बाहेरच्या तापमानावर ठरतो. त्याचा आलेख वर्कशॉप मॅन्युअलमध्ये रेग्युलेटरच्या पार्ट नंबरनुसार दिलेला असतो, दुसऱ्या नंबरचा आलेख चालत नाही.

इंजिन न चालवता मोजायचं तर पंपाचा रिले ब्रिज करावा, म्हणजे वायरने थेट जोडावा. पण पंप चालू असताना सेन्सर प्लेटला हात लावू नका. ती उचलली की सहाही इंजेक्टर पेट्रोल सोडतात आणि सिलिंडर भरतात. इंजिन चालवून मोजताना होज फॅनच्या पट्ट्यापासून लांब बांधून घ्या. या इंजिन-बेमध्ये जागा जेमतेम असते. अग्निशामक हाताशी हवाच.

माझ्या गाडीत सिस्टिम ४.८ आणि गरम कंट्रोल ३.६ आलं. म्हणजे ज्या रेग्युलेटरवर खापर फोडलं होतं तो निर्दोष. इंजिन बंद केल्यावर मात्र काटा चार मिनिटांत शून्यावर. खरं दुखणं इथे होतं: उरलेलं प्रेशर टिकलं नाही की गरम इंजिनजवळच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. वीस मिनिटांनीही काटा एक बारच्या वर राहायला हवा.

पुढची पायरी पाठ करून ठेवावी अशी. इंजिन बंद करताक्षणी टाकी आणि पंप यांमधला होज क्लॅम्पने दाबायचा. आता प्रेशर टिकलं तर दोषी पंपाच्या तोंडावरची, पेट्रोल मागे जाऊ न देणारी चेक व्हॉल्व्ह. टिकलं नाही तर इंजिन बंद झाल्यावर प्रेशर धरून ठेवणारा अॅक्युम्युलेटर बघा. त्याच्या मागच्या तोंडातून पेट्रोल आलं तर डायफ्रॅम फाटलेला आहे. क्लॅम्प लावल्यावर माझा काटा लगेच सुधारला. एससीचा पंप गाडीच्या पुढच्या भागात खाली आहे. तिथली चेक व्हॉल्व्ह स्वस्त आहे आणि काम तासाभराचं. दोन्ही बाजूंची वॉशर नवीच घालावीत, जुनं वॉशर परत आवळलं की हमखास गळतं.

इथेच अनुभव संपवून संचाला पूर्ण गुण दिले असते. पण व्हॉल्व्ह बदलूनही काटा वीस मिनिटांनी ०.६ वर येत होता. झडप उघडी ठेवा की बंद, आकडा तोच. त्यावरून रेग्युलेटरची बाजू ठीक आहे असा अर्थ निघतो, आणि तो चुकीचा होता. संचातली पितळी झडप बंद असतानाही आतून झिरपत होती. एका टोकाला प्लग लावून पंप चालवला तेव्हा थेंब दिसला: दर दहा-बारा सेकंदांनी एक. मोजायच्या हत्यारानेच दिशाभूल करावी, याचा खरंच संताप येतो. एवढ्याशा झडपेच्या भरवशावर कुणी धडधाकट अॅक्युम्युलेटर फेकून देईल.

इंधनासाठीची चांगली नीडल व्हॉल्व्ह बसवल्यावर चित्र स्वच्छ झालं. झडप बंद असताना प्रेशर टिकतं, उघडी असताना पडतं. म्हणजे गळती कंट्रोलच्या बाजूला. डिस्ट्रिब्युटरच्या कडेचा मोठा बोल्ट उघडला की प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आणि तिला जोडलेली, इंजिन बंद झाल्यावर कंट्रोलच्या बाजूची परतीची वाट अडवणारी पुश व्हॉल्व्ह बाहेर येते. तिथला ओ-रिंग कडक होऊन चपटा झाला होता, नखाने दाबला तर तडा गेला. ओ-रिंग इंधनाला टिकणाऱ्या व्हायटनचेच घ्या. आतले शिम (पातळ चकत्या) जसे होते तसेच परत घाला, कारण ०.१ मिलिमीटरच्या शिमने सिस्टिम प्रेशर सुमारे ०.०६ बार बदलतं. रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन त्याच डिस्ट्रिब्युटरच्या भोकाशी जुळवलेला असतो, दुसऱ्याचा घालू नका. यानंतर वीस मिनिटांनी १.९ बार. गरम इंजिन एका सेल्फला सुरू.

गेजला जे दिसत नाही तेही सांगतो: हवेची गळती. त्यासाठी आयडलवर ऑइल फिलरचं झाकण उघडा. इंजिन अडखळून बंद पडायला आलं तर चांगलं. काहीच फरक पडला नाही तर कुठूनतरी हवा आधीच शिरतेय: इंजेक्टरचे ओ-रिंग, इनटेकच्या रबरी बाह्या, ऑइल टाकीचे होज, किंवा तडकलेला एअरबॉक्स. लीन मिश्रणावर थंडीत बॅकफायर झाला की हा प्लास्टिकचा एअरबॉक्स फुटतो, म्हणून त्यात जादा दाब बाहेर सोडणारी पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवलेली बरी. गळती बंद होईपर्यंत आणि प्रेशर जागेवर येईपर्यंत ३ मिलिमीटरच्या अॅलन कीने मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नये. नंतरही एका वेळी आठवा हिस्सा फेरा, आणि रेस देण्याआधी की बाहेर.

घ्यायचा असेल तर गेज, होज आणि अडॅप्टर यांसाठी हा संच जरूर घ्या. झडप पहिल्याच दिवशी प्लग लावून तपासा, झिरपली तर बदला. आणि काम झाल्यावर होजच्या दोन्ही टोकांना टोपणं लावून ठेवा. त्यातली धूळ पुढच्या वेळी रेग्युलेटरच्या बारीक जाळीत जाऊन बसते.